सोळा इंच

माझी सून पल्लवी गुणाची आहे, पण मोबाईल हातात आला की ती डॉक्टर होते. एक जानेवारीला तिनं माझ्या मोबाईलमध्ये काहीतरी घातलं आणि म्हणाली, "आत्ती, यंदा रोज दहा हजार पावलं. संकल्प करा." मीही हौसेनं तीन दिवस तासगावची पेठ पालथी घातली. चौथ्या दिवशी गुडघे टम्म सुजले आणि आठवडाभर पलंग धरला.

समोर इलियासभाईंचं शिलाईचं दुकान आहे. तीस वर्षं माझे ब्लाऊज तेच शिवतात. मी किती सुटले ते माझ्याआधी त्यांना कळतं. विचारपूस करायला आले आणि म्हणाले, "आक्का, एवढं चालून तुमाला जायचंय कुटं?"

"उंब्रजला," मी म्हटलं, आणि रडूच आलं.

उंब्रजला माझी थोरली बहीण बनाबाई असते. ती दिवाळीपासून अंथरुणावर आहे. दर रविवारी फोनवर एकच विचारते, "अंजे, कवा येतीस?" मी काहीबाही कारणं सांगते. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी भाईंना सांगितलं. दिवाळीत तिला बघायला निघाले, तर एसटीची पहिली पायरी चढता येईना. वरून कंडक्टर ओढतोय, खालून कोणी ढकलतंय. मागून एक मेला म्हणाला, "टेम्पो बोलवा रं, पोतं चढंना!" अख्खी गाडी हसली. मी तशीच घरी परत आले. पल्लवी भाड्याची गाडी करते म्हणाली होती, पण एकदा तशी गेले की जन्मभर दुसऱ्याच्या सवडीनंच जाणं आलं.

भाई हसले नाहीत. "मग दहा हजार पावलं कशाला? एक पायरी चढायची हाय," म्हणाले, आणि गळ्यातली टेप घेऊन थेट स्टँडवर गेले. तिथं कंडक्टरनं विचारलंच म्हणे, "काय चाचा, गाडीला पॅन्ट शिवताय व्हय?"

परत येऊन म्हणाले, "सोळा इंच."

त्यांनी चार इंच उंचीचं भक्कम लाकडी खोकं आणून खिडकीच्या गजाजवळ ठेवलं. गज धरायचा, चढायचं, उतरायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, हळूहळू वाढवा, दुखलं की थांबा. दर पंधरा दिवसांनी भाई यायचे आणि खोक्यावर इंचभर जाडीची एक फळी ठोकून जायचे.

दहा इंचांवर घोडं अडलं. पाय वर जाईच ना. मी तापट बाई, म्हटलं, "न्या तुमचं खोकं, चुलीत घालते न्हाईतर!" भाईंनी वरची फळी उचकटली. "नऊवर या परत. कापड घट्ट झालं तर आमी कापड उसवतो आक्का, गिऱ्हाईक कापत न्हाई."

श्रावण लागला तेव्हा मी सोळा इंच चढत होते. दुसऱ्या दिवशी पिशवी घेतली आणि एकटीच स्टँडवर गेले.

तासगावची गाडी इतकी सहज चढले की माझाच विश्वास बसेना. पण कराडला गाडी बदलायची होती. उंब्रजवरून जाणारी साताऱ्याची गाडी लागली. तिची पायरी पहिल्या गाडीपेक्षा चांगली दोन बोटं उंच होती. मागं माणसं खोळंबली. कंडक्टरनं हात पुढं केला, "आजी, द्या हात."

"थांब जरा," मी म्हटलं. दांडी घट्ट धरली, चांगला पाय वर टाकला, श्वास घेतला. आणि वर गेले. कोणी हसलं नाही. कोणाचं लक्षही नव्हतं.

सीटवर बसले आणि आधी भाईंना फोन लावला. "आवं, माप चुकलं तुमचं. साताऱ्याची गाडी उंच निघाली."

"चढलासा न्हवं?"

"चढले."

"मग कुटं चुकलं? आपल्या गाडीची चौदाच हुती. दोन इंच मी जादा धरलं. कापताना आत जरा जादा सोडावंच लागतं आक्का, वक्ताला कामी येतं."

"मग मला सोळा का सांगितलंसा?"

"चौदा सांगितलं असतं तर चौदावरच थांबला असता." पलीकडं मशीन परत खडखडायला लागली. मी पदर तोंडाला लावून उंब्रज येईपर्यंत रडले. त्या माणसाला साधं 'उपकार झाले' म्हणायचंही मला सुचलं नव्हतं.

बनाबाईनं मला दारात पाहिलं आणि उशीवरून मान उचलली. "अंजे! कुणी आणलं गं तुला?"

एकटी आले, असं सांगायचं मी वाटभर घोकलं होतं.

"इलियासभाईनं," मी म्हटलं.

"मग भाईर का उभं केलंस त्यास्नी? आत बोलीव की. चा ठेवाय सांगते."