आजचा फोटो: आमची केलिन

मर्गिलान गावात, पुलाखालच्या मोहल्ल्यात हनीफा-आपांच्या फोनपासून कुणाचीच सुटका नव्हती. आयुष्यभर शिवणयंत्रावर वाकून कंबर कामातून गेली, तेव्हा आपांनी शिवण सोडली. लेकीने फोन घेऊन दिला आणि तेव्हापासून मोहल्ल्याच्या टेलिग्राम गटात रोज एक फोटो पडू लागला. रोज म्हणजे रोज. ताप आला तरी आपा खिडकीतून हात बाहेर काढून गल्लीतलं गाढव टिपायच्या आणि पुन्हा पांघरुणात शिरायच्या.

गटातली अर्धी माणसं गावात नव्हतीच. कुणी रशियात इमारती बांधत होतं, कुणी कोरियात गाड्यांचे सुटे भाग जोडत होतं. त्यांना गुलाबाची फुलं आणि सणावाराच्या शुभेच्छा नको होत्या. त्यांना नळाभोवतीचा चिखल हवा होता, तंदुराजवळची भांडणं हवी होती, चहाखान्यातल्या खाटेवर तोंड उघडं टाकून घोरणारा मालक हवा होता. आपा ते सगळं पुरवायच्या, आणि त्यांचे नियम कडक होते. कुणी ऐटीत उभं राहायचं नाही. आधी सांगून फोटो नाही. आणि एकदा गटात गेलेला फोटो कुणाच्या बापासाठी पुसायचा नाही.

समोरच्या घरातल्या खोसियत-आपांना हा शेवटचा नियम चांगलाच भोवला होता. एका पायात चप्पल, दुसरी चप्पल हातात, आणि पुढे कोंबडा, असा त्यांचा फोटो कोरियातल्या सोलपासून रशियातल्या समारापर्यंत पोचला. त्या तणतणत आल्या.

"हनीफा, पुसून टाक तो. व्याही मंडळी आहेत गटात!"

"का गं? कोंबडा तुझा नाही? चप्पल तुझी नाही?"

"माझीच आहे, म्हणून तर!"

"मग खरं आहे ते आहे. लाजायचं कशाला?" आपा म्हणाल्या आणि त्यांनी चहा ओतला. खोसियत-आपा चहा प्यायल्या, पण तो दिवस त्यांनी मनात जपून ठेवला.

या वर्षी नवरोजनंतर हनीफा-आपांच्या घरी सून आली. मोहल्ल्यात सुनेला केलिन म्हणतात, आणि केलिनची परीक्षा घरात होत नाही, फाटकाबाहेर होते. पहाटे गल्ली जागी व्हायच्या आत तिने फाटकापुढची जमीन पाणी शिंपडून झाडलेली असली पाहिजे. कुणाची केलिन आधी उठते, कुणाची उशिरा, कुणाच्या फाटकाशी काल रात्रीच्या खरबुजाच्या बिया तशाच पडल्यात, याचा हिशेब सगळ्या सासवांकडे असतो. म्हणून धाकट्या मुलासाठी, अस्रोरसाठी, मुलगी बघताना आपांनी डोकं चालवलं. त्यांनी नान भाजणाऱ्या भट्टीवाल्याची मुलगी निवडली. भट्टीवाल्यांच्या घरी पहाट होण्याआधीच पीठ मळायला घेतात. तिथे वाढलेली पोर उशिरा उठेल कशाला?

आणि झालंही तसंच. मोहिरा घरात आली तेव्हापासून आपा नमाज उरकून पुन्हा जरा आडव्या व्हायच्या, आणि उठून बघतात तर फाटकापुढची जमीन ओलसर, नुकती झाडलेली. त्यांची छाती फुगायची. नळावर त्या मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "आमच्या केलिनला उठवावं लागत नाही बाई. तिच्या रक्तातच आहे."

मे महिन्यातल्या एका पहाटे आपा दूधवाल्याला टिपायला गल्लीच्या टोकाला गेल्या. चष्मा घरी राहिला होता. दूधवाल्याने फोन बघताच केस सारखे केले, तेव्हा त्याचा नाद सोडून त्या परत फिरल्या. आणि समोर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याच फाटकाशी, उगवतीच्या उजेडात केलिन झाडत होती. डोक्यावर लग्नातला लाल फुलांचा रुमाल, कंबरेत वाकलेली, हातातला झाडू असा सपासप चाललेला की धूळ सोनेरी होऊन वर चढत होती. आपांना भरून आलं. त्यांनी फोटो काढला. केलिनची नजर त्यांच्याकडे गेली मात्र, झाडू टाकून ती आत पळाली. किती लाजरी पोर, आपांना वाटलं, आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी अंदाजाने अक्षरं दाबली: "आजचा फोटो: आमची केलिन. सूर्याच्या आधी."

घरी येऊन त्या चहा गाळतात तोवर फोन गुरगुरायला लागला. त्यांनी चष्मा चढवला. पहिला निरोप सोलहून, झोकिरचा होता. हा खोसियत-आपांचा भाचा, जन्माचा आगाऊ.

"आपा, फोटो मोठा करून बघितला. तुमच्या केलिनच्या पिंढऱ्यांवर केस फार आहेत हो."

त्याच्याखाली दुसरा कुणी: "आणि पायात अस्रोरचे फुटबॉलचे बूट."

त्याच्याखाली तिसरा: "अस्रोर, रुमाल शोभतो तुला. मागणी घालायला माणसं पाठवू का?"

आपांनी फोटो मोठा केला. बूट, पिंढऱ्या, कोपरापर्यंत वळलेल्या बाह्या, सगळं ओळखीचं होतं. बाळंतपणापासून ओळखीचं होतं. ज्या तोंडाने नळावर मिरवल्या त्याच तोंडावर त्या सपशेल आपटल्या होत्या, आणि ढकललं होतं ते त्यांनी स्वतःच.

नवरा तुर्गुन-अका चहाची वाटी फुंकत शेजारी बसला होता. त्याने फोनकडे पाहिलं, मिशीत हसला.

"पुसणार का?"

"अहो, तुम्ही गप्प बसा."

"मी गप्पच आहे. नियम विचारतोय."

आपांनी अंगठा फोटोवर नेला आणि मागे घेतला. पुसला तर खोसियत जन्मभर सोडणार नाही. ठेवला तर मोहल्ला सोडणार नाही. एवढ्यात फाटक वाजलं आणि खोसियतच आत आली. हातात मोठी वाटी, वाटीत कच्चे हिरवे जर्दाळू, नुसते बघून दात आंबतील असे.

"अगं हनीफा! मला तरी सांगायचं होतंस!" तिने आपांचे दोन्ही गाल ओढले. "नवरा झाडू हातात घेतो म्हणजे दुसरं काय असणार? वाकवत नसेल पोरीला. कितवा महिना?"

हनीफा-आपांना बुडताना काठ दिसला. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी जर्दाळूंची वाटी घेतली आणि नुसत्या हसल्या, मान खाली घालून. बायकांमध्ये अशा हसण्याचा एकच अर्थ होतो. दुपारच्या आत गटात अभिनंदनाचा पाऊस पडला, पिंढऱ्यांचा विषय मागे पडला, आणि कुणीतरी पाळणा उसना देऊ केला. आपांना हायसं वाटलं. खरंच असेल, असंही त्यांना वाटू लागलं. मग तर आनंदी आनंदच.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात गेल्या. मोहिरा पुलावासाठी गाजरं उभी चिरत होती. डोळे सुजलेले होते.

"काय गं पोरी," आपा लाडाने म्हणाल्या, "मला काही सांगायचंय का?"

"नाही, ओयी." अस्रोर आईला ओयी म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची.

"लाजू नकोस. मी तुझी सासू आहे, पोलीस नाही."

"तसं काही नाहीये, ओयी." सुरी थांबली. "मला झोप येते."

"सुरुवातीला येतेच."

"सुरुवातीला नाही. नेहमीच येते. मला झोप आवडते." आणि पोरीचा बांध फुटला. "अकरा वर्षांची होते तेव्हापासून बाबा मला काळोखात उठवायचे. पीठ मळायला. थंडीत, सणाला, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. मैत्रिणी लग्नाचा विचार करायच्या तेव्हा त्यांना नवरा दिसायचा. मला गादी दिसायची. सकाळ झाली तरी अंगावर पांघरूण आहे, एवढंच. मग तुम्ही मागणी घालायला आलात आणि विचारलंत, पहाटे उठायची सवय आहे ना? आईने सांगितलं होतं, विचारतील त्याला मान हलव. मी हलवली."

"आणि अस्रोर?"

"पहिल्याच पहाटे माझा गजर वाजला. त्यांनी तो बंद केला. म्हणाले, झोप तू, मी बघतो. रुमाल त्यांनीच घेतला, गल्लीला कळू नये म्हणून."

हनीफा-आपांना हसू आलं. आपला उंटासारखा वाढलेला मुलगा बायकोच्या झोपेसाठी रुमाल बांधून पहाटे वाकतो, याचा त्यांना मनातून अभिमानच वाटला. पण मोहिरा रडायची थांबली नव्हती.

"ओयी, उशिरा उठते म्हणून हसतील, ते मी सोसलं असतं. पण तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"मी? मी तर काहीच बोलले नाही."

"म्हणून तर. आज नळावर खोसियत-आपांनी माझ्या पोटावर हात ठेवला. उद्यापासून सगळ्या बघणार. थोड्या दिवसांनी काही दिसलं नाही की म्हणतील, गेलं. मग म्हणतील, हिला टिकत नाही. मग म्हणतील, हिच्यातच खोट आहे. पुढे कधी खरंच मूल झालं तरी हे मागे लागेल. झोपाळू म्हणवून घेणं परवडलं, ओयी."

खोसियतच्या चपलेला 'खरं आहे ते आहे' म्हणणारी बाई, गोष्ट स्वतःच्या फाटकाशी आली तेव्हा, एका पोरीच्या पोटाआड लपली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मोहिराच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेली गाजरं स्वतःच चिरली. एकाही गाजराचे काप सारखे आले नाहीत.

दुसऱ्या पहाटे अस्रोर सवयीने रुमाल बांधत अंगणात आला, तर फाटक उघडं आणि आई बाहेर, कंबरेवर एक हात ठेवून पाणी शिंपडते आहे.

"ओयी! हे काय? लोक म्हणतील, केलिनने सासूला झाडू धरायला लावला!"

"म्हणतील. तू तो रुमाल सोड आणि फोन घे. फोटो काढ माझा."

"तुमचा?"

"आजवर सगळ्या गल्लीचे काढले. माझाच राहिलाय."

अस्रोरने फोन उचलला. आपांनी नकळत पोट आत घेतलं, मान जरा तिरकी केली, झाडू फुलासारखा धरला.

"ओयी," अस्रोर म्हणाला, "ऐटीत उभं राहायचं नाही."

"मेल्या!" आपा म्हणाल्या आणि मुकाट्याने वाकल्या. फोटो आला तो असा, की त्यात सासूबाईंची पाठ होती, पाठीपेक्षा मोठं त्यांचं बूड होतं, उलटं झालेलं घामेजलं तोंड होतं आणि बाकी धूळ. आपांनी चष्मा लावून तो नीट बघितला. इतका वाईट फोटो त्यांनी स्वतः कधी काढला नव्हता. मग फाटकाच्या ओट्यावर बसून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं:

"आजचा फोटो: मी. आमच्या फाटकाशी आजपासून ज्याला जाग येईल तो झाडेल. केलिन आत झोपली आहे, कारण तिला झोप आवडते. तिला दिवस गेलेले नाहीत. तसा समज मी होऊ दिला, चूक माझी. कुणी तिच्या पोटाकडे बघितलं तर गाठ माझ्याशी आहे. आणि माझ्या बुडाबद्दल जे बोलायचं ते बोलून घ्या. हा फोटो पुसला जाणार नाही."

आपा ओट्यावरच बसून झाडूच्या सुटलेल्या काड्या बांधत राहिल्या. मग फोन एकदा हळूच वाजला. निरोप खोसियतच्या केलिनचा होता. ती बिचारी लग्न होऊन आल्यापासून गटात होती, पण सासवा जिथे असतात तिथे केलिनी एक अक्षर लिहीत नाहीत. तिने दोनच शब्द लिहिले होते.

"मलाही आवडते."

मग कोपऱ्यावरच्या घरातून एक आला: "मलाही." मग चहाखान्याच्या मालकाच्या घरातून. मग जिचं नाव आपांना आठवतसुद्धा नव्हतं अशा एकीचा, झोपलेल्या पिवळ्या चेहऱ्याच्या चित्रासकट. आणि समोरचं फाटक धाडकन उघडलं. खोसियत-आपा एका हातात फोन, दुसऱ्या हातात झाडू घेऊन रस्त्याच्या मधोमध आल्या. चेहरा लालबुंद.

"हनीफा! हे काय पेटवून दिलंस? माझी केलिन सगळ्या जगापुढे म्हणते…"

आपा ओट्यावरून चटकन उठल्या. कंबर कळवळली, पण त्यांनी आधी मोहिराच्या खिडकीकडे बघितलं. पडदा हलत नव्हता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गं खोसियत," त्या कुजबुजल्या. "माझी पोर झोपली आहे."