'लेन'चा पहिला अंक

अंबरीश दिघ्यांना बोलिंगचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही भाच्याच्या वाढदिवसाला. सिटी सेंटर भागातल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बोलिंगच्या लेन होत्या. पोरं केकभोवती गोळा झाली होती, तेवढ्यात मामांनी गंमत म्हणून तो तीन भोकांचा जड बॉल उचलला आणि गुळगुळीत लाकडी लेनवरून सोडून दिला. टोकाला बाटल्यांसारख्या उभ्या असलेल्या सगळ्याच्या सगळ्या पिना धाडकन आडव्या झाल्या. "तेव्हापासून हे आमच्या हातातून गेले," असं त्यांची बायको अवंतिका हसत हसत सांगायची.

शहर हिंदी मुलखातलं, आणि ते तिथल्याच एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. उभा जन्म दुसऱ्यांचं लिखाण सुधारण्यात गेला. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका दिसायच्या, मग वधूवरांची नावं. बोलिंगमध्ये सुधारायला काही नव्हतं, म्हणूनच त्यांना तिथं बरं वाटत असावं. दर मंगळवारी सकाळी, मॉल नुकता उघडलेला असताना, ते आणि मुरार भागात राहणारे त्यांचे स्नेही जयसिंहराव तिथं हजर असत. जयसिंहराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. घरचे मराठा, पण त्यांचं वाक्य मराठीत सुरू झालं तर हिंदीत जाऊन संपायचं.

दैनिकाची नोकरी सुटल्यावर अंबरीशनी घरात जाहीर केलं, की आपण त्रैमासिक काढणार. फक्त बोलिंगचं. हिंदीत. नाव 'लेन'.

"वाचणार कोण?" अवंतिकानं विचारलं.

"जो खेळतो तो. झाशीत, आग्र्यात, भोपाळमध्ये कुणीतरी दर आठवड्याला एकटाच बॉल टाकत असेल. त्याला वाटत असेल, असला वेडा मी एकटाच. त्याच्यासाठी."

"असे असून असून किती असतील? पाच?"

"पाच तर पाच."

अवंतिकानं शाळेत भूगोल शिकवलेला. नकाशे काढायचा तिचा हात चांगला होता, म्हणून आकृत्यांचं काम तिच्याकडे आलं. लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो दिसत नाही, पण त्यावरून बॉल घसरत जातो आणि पुढं कोरडं लाकूड लागलं की पकड घेऊन वळतो, हे तिला काही केल्या पटेना. तेव्हा अंबरीशनी जेवता जेवता ताटाच्या अर्ध्या भागाला तेल चोपडलं आणि त्यावरून लिंबू सोडून दाखवलं. लिंबू वळलं नाही, सरळ आमटीच्या वाटीत गेलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात पहिला शब्द अडला. बोलिंगच्या बुटांवर लेख चालला होता आणि ते मधेच थांबले. "ते... पायात घालतात ते," ते म्हणाले. अवंतिकानं शब्द सांगितला. त्यांनी हात झटकला, वय झालं म्हणाले. मग 'खिडकी' अडली, मग 'पाहुणे'. एका दुपारी तिनं त्यांचा टाइप केलेला मजकूर वाचला आणि ती खुर्चीवर बसली. एका परिच्छेदात तीन ठिकाणी 'बॉल'च्या जागी 'बादल' असं लिहिलेलं होतं. ते पान त्यांनी तपासून, खाली सही करून तिच्याकडे दिलेलं होतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. झटका आलेला नाही. मेंदूतला भाषेचा भाग हळूहळू आक्रसतो आहे. आधी शब्द जातील, मग लिहिणं-वाचणं, पुढं समोरच्याचं बोलणं समजणंही कठीण होईल. हातापायांना इतक्यात काही होणार नाही. हे थांबवणारं औषध नाही.

घरी येताना ऑटोत अंबरीश बाहेर बघत होते. पडावाचा पूल मागं पडल्यावर ते म्हणाले, "अंक... लवकर."

मग अवंतिकानं बाकी सगळं बाजूला ठेवलं. जयसिंहरावांनी ओळखीपाळखी काढून भोपाळहून, इंदूरहून लेख मागवले. एका दंतवैद्य बाईंनी मनगट कसं सांभाळावं ते लिहून दिलं. शिंदे की छावनी या वस्तीतला एक लग्नपत्रिका छापणारा छापखाना तयार झाला. सगळं जमत आलं. राहिलं होतं ते संपादकीय.

अंबरीश रोज दुपारी ते लिहायला बसत. हिंदीत एक वाक्य सुरू करत, ते अर्ध्यावर लोंबकळत राही. कर्ता सापडे तर क्रियापद हरवे. अवंतिका शेजारी बसून एकेक शब्द पुढं करी, आणि ते मान हलवून नाही नाही म्हणत. भाषेचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या सोनिकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकू, कधी कधी नंतर शिकलेली भाषा आधी जाते. घरची जरा जास्त टिकते." ज्या भाषेवर जन्मभर पोट भरलं तीच आधी निघाली होती.

एकदा त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला आणि तोंड फिरवून बसले.

"मराठीत सांगा," अवंतिका म्हणाली. "हिंदी माझं मी करीन."

ते सांगू लागले. थांबत, चाचपडत, पण येऊ लागलं. त्यांची मराठी त्यांच्या आईची होती. तीत 'हुरूप' होता, 'उमेद' होती, 'जिवाला बरं वाटतं' असं होतं. जिना उतरताना माणूस बोलत जाईल तसं ते हळू बोलत गेले आणि ती लिहीत गेली. लहानपणी आपल्याला कुठल्याच खेळात घेत नसत, हे त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "समोर बाहुल्या उभ्या असतात. त्या पडल्या की पुन्हा उभ्या करतात. कुणी रागावत नाही."

तिनं टाइप करताना 'बाहुल्या' खोडून 'पिना' केलं. कागद हातात आल्यावर त्यांनी लाल पेन मागून घेतलं. 'पिना'वर रेघ मारली आणि समासात काहीतरी लिहू लागले, पण अक्षर जुळेना.

"बाहुल्या," ते म्हणाले.

"बाहुल्याच म्हणायचं आहे तुम्हाला? की पिना?"

"बाहुल्या," त्यांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा चिडून.

नेमका शब्द सापडला नाही म्हणून 'बाहुल्या' आलं होतं, की तेच हवं होतं, हे तिला कधीच कळलं नाही. तिनं 'बाहुल्या' ठेवलं.

हिंदी करायला ती बसली खरी. तिची हिंदी चांगली होती, वाक्यं बिनचूक उतरली, पण वाचून बघितल्यावर ती कुणा दुसऱ्याच माणसाची वाटली. तिनं ती पानं फाडून टाकली.

"वहिनी, हिंदी मॅगझिनमध्ये मराठी?" जयसिंहरावांनी विचारलं. "भोपाळवाला काय समजणार?"

"लिपी तर एकच आहे ना. वाचेल तेवढं वाचेल."

जयसिंहरावांनी कागद हातात घेतला. मराठी वाचायची त्यांना सवय नव्हती. ओठ हलवत, बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले. मग चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले. "हे बाहुल्या लिहिलंय, बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग छापू. जसं आहे तसंच छापू."

अंक यायला राखी उजाडली. छापखान्यानं मुखपृष्ठाचा रंग थोडा गडद केला होता, पण कागद छान होता. अवंतिकानं पहिली प्रत अंबरीशच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, प्रत नाकाशी धरून वास घेतला. मग टेबलावरचं लाल पेन उचललं आणि पहिलं पान उघडलं.

ते वाचू लागले, असं तिला वाटलं. डोळे ओळीवरून सरकत होते. थोड्या वेळानं त्यांनी एका शब्दाखाली रेघ ओढली, समासात खूण केली. पुढच्या ओळीत दोन शब्दांची उलटापालट करण्याची खूण. पुन्हा एक. हात जुन्या सवयीनं सफाईदार चालत होता. ती मागं उभी राहून बघत होती. ज्या शब्दांवर खुणा पडत होत्या त्यांत कसलीच चूक नव्हती. संपादकीय संपलं तेव्हा पान लाल झालं होतं. त्यांनी खाली सही करायला पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी एक आडवी रेघ मारली आणि प्रत तिच्याकडे दिली, पूर्वी देत तशी, मान खाली ठेवूनच.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," ते म्हणाले.

ती प्रत घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुसरा अंक निघाला नाही. जयसिंहराव एकदोनदा म्हणाले, मग तेही म्हणेनासे झाले. मंगळवारी मात्र ते अंबरीशना न चुकता न्यायला येत. बॉल अजून छान पडायचा. पिना पडल्या की अंबरीश वळून जयसिंहरावांकडे बघत, काहीतरी म्हणायला तोंड उघडत, आणि जयसिंहराव घाईघाईनं "वाह, दिघेसाहेब" म्हणून टाकत.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी झाशीहून फोन आला. कुणी तिवारी होते, रेल्वेत नोकरीला. अंक त्यांच्यापर्यंत फिरत फिरत पोहोचला होता. त्यांना संपादकांशी बोलायचं होतं. अवंतिका सगळं सांगणार होती, पण तो माणूस इतक्या आनंदात होता, की तिच्यानं सांगवलं नाही. तिनं फोन अंबरीशच्या कानाला लावला.

तिवारी डावखुरे होते. डाव्या हातानं बॉल कसा उलटा वळतो, लोक कसे हसतात, शहरात याबद्दल बोलायला एक माणूस कसा नाही, हे ते भडाभडा हिंदीत सांगत होते. शेजारी बसलेल्या अवंतिकाला ते सगळं ऐकू येत होतं. अंबरीश भुवया आक्रसून, अंग पुढं झुकवून ऐकत होते. त्यातलं किती पोहोचत होतं, देव जाणे. मधूनच ते "हो" म्हणत, मराठीत.

मग पलीकडचा आवाज थांबला. "हॅलो? सर? आवाज़ आ रही है?"

अंबरीशनी तिच्याकडे बघितलं. तिनं फोन आपल्याकडे घेतला.

"सुन रहे हैं वो," ती म्हणाली. "आप बोलते रहिए."

आणि फोन पुन्हा त्यांच्या कानाशी धरून बसून राहिली.