भाडेकरूंसकट घर

सुरतच्या उधन्यातलं ते दुमजली घर विकायला निघालं, तेव्हा चारही भाडेकरू धास्तावले. खाली अमळनेरकडच्या प्रमिलाबाई आणि शिवणकाम करणारी रझिया, वर एक ओडिया आणि एक बिहारी कुटुंब, शेजारी एक रिकामी खोली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारायचं, "खोल्या खाली कधी होतील?"

रविवारी हंसाबेन म्हाताऱ्या आईला घेऊन घर बघायला आल्या. त्या वर गेल्या, तोवर आई ओट्यावर टेकली आणि प्रमिलाबाईंबरोबर पापडीच्या शेंगा सोलू लागली. रझियाने चहा आणला. हंसाबेन खाली आल्या, तर आई खळखळून हसत होती. त्या बघतच राहिल्या.

प्रमिलाबाईंनी धीर करून विचारलं, "बेन, आम्ही कधी निघायचं?"

"निघायचं कशाला? मी दिवसभर नोकरीवर असते. फ्लॅटमध्ये ही माझी बा एकटी भिंतींशी बोलते. मला माणसं असलेलंच घर हवंय. वरची रिकामी खोली आम्हा दोघींना पुरे."

संध्याकाळी प्रमिलाबाईंचा नवरा लोटू कापडाच्या लूमवरून आला. "काय व्हयनं?" त्याने दारातूनच विचारलं.

"कोठेच जानं नही आते," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. लोटू त्यांच्याजवळ पायरीवर बसला. त्या रात्री सगळे पोटभर जेवले.