माझ्या पोटातले दोन रिपोर्ट

मी पिशवी बोलतेय. बारामतीच्या साडीच्या दुकानातली, लाल कापडाची, दोरीच्या बंदांची. पणदऱ्याच्या पिंकीला डोहाळजेवणाची हिरवी साडी घेतली, त्या साडीबरोबर मी या घरात आले. साडी एकदाच नेसली गेली. मी मात्र रोजच्या कामाला लागले. आमच्याकडं चांगली पिशवी कुणी टाकत नाही, तिच्यात दवाखान्याचे कागद जातात. सोनोग्राफीचे फोटो, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या पोटात. पिंकीचं पोट वाढत होतं तसं माझंही वाढत होतं. त्या दिवसांत मला स्वतःचा फार तोरा होता.

बाळंतपण माहेरी, पळसदेवला झालं, मीही बरोबर होतेच. मुलगी झाली, छकुली. पिंकीला दूध इतकं यायचं की पदर ओला व्हायचा. तिची आई कुशाबाई हसून म्हणायची, "गायीगुरांच्या घरात लेक दिली, ती बी दुभतीच निघाली."

छकुली अडीच महिन्यांची झाली आणि भर उन्हाळ्यात पिंकीच्या मांडीला पुरळ उठलं. लाजेपायी तिनं डॉक्टरला दाखवलं नाही. इंदापुरात एका लॅबच्या बोर्डावर सगळ्या तपासण्या एकदम करून मिळतील असं लिहिलं होतं, तिथं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी कागद आला. बाकीच्या ओळी बारीक, एकच ठळक. हर्पिस, आयजीएम, पॉझिटिव्ह. काउंटरवरच्या माणसानं डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. पिंकीनं मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, हा आजार संबंधातून येतो आणि तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

तिनं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो माझ्या तळाशी सारला. आठ दिवसांनी आम्ही सासरी, पणदऱ्याला आलो.

सासरी पाच गायी. गायीच्या सडाला रोग झाला किंवा तिला इंजेक्शन दिलं की वासरू तोडायचं, दूध पिळून ओतून द्यायचं, डेअरीला घालायचं नाही, हा तिथला नियम. लग्न झाल्यापासून पिंकीच्या तो अंगवळणी पडलेला. तोच तिनं स्वतःला लावला. कुणाला न विचारता छकुलीला अंगावरून तोडली. सकाळ-संध्याकाळ मोरीत जाऊन स्वतःचं दूध पेल्यात पिळायची आणि शेवग्याच्या बुडाशी ओतायची. छकुलीच्या तोंडात बाटली आली. पोर बाटलीकडं बघून रडायची, पिंकी पोरीकडं बघून. तिचा मुकासुद्धा घेत नव्हती.

सासू केसरबाईच्या हे ध्यानात आलं. पिंकीनं रडत सगळं सांगितलं. केसरबाई डेअरीची किटली घासत होती. ती म्हणाली, "अगं, डेअरीचं मशीन सकाळी येक फॅट दावतं, सांजच्याला दुसरं. गाय तीच, चारा त्योच. म्हणून काय गाय बाजारात न्यायची का?"

"आत्या, इंजेक्शन दिल्यावर तुमीच दूध घालत न्हाय. मग मी पोरीला कसं पाजू?"

केसरबाईनं राखेची चिमूट घेतली. ती किटली घासत राहिली.

नवरा सोमनाथ वालचंदनगरला कंपनीत कामाला, आठवड्यानं घरी यायचा. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाला, "मी कुठं गेलो न्हाय." पिंकी म्हणाली, "मी तर उंबऱ्याभाईरबी न्हाय." रात्री दोघं कूस वळवून झोपली. मी खुंटीवरून बघत होते, मधे पाळणा आणि दोन्हीकडं पाठमोरी माणसं.

तीन आठवडे गेल्यावर सोमनाथच म्हणाला, एकदा बारामतीला तपासू. तिथला कागद आला. आयजीजी, निगेटिव्ह.

आता माझ्या पोटात दोन कागद होते. दुपारी गायी बसल्या की पिंकी दोन्ही काढायची आणि मांडीवर शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचायची. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर लागायचं, अर्थ लागायचा नाही. दुसरा खरा निघावा, असं तिला वाटायचं. आणि दुसराच खरा निघाला तर आपण हे काय करून बसलो, याचीही भीती वाटायची. तोवर पेल्यात चार थेंबही पडत नव्हते.

शेवटी बारामतीच्या डॉक्टर बाईंना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी शांतपणे समजावलं. पहिली, आयजीएम तपासणी या आजाराला भरवशाची नाही, काही नसतानाही कधी कधी पॉझिटिव्ह दाखवते. दुसरी, आयजीजी जास्त खात्रीची, पण लागण नवी असेल तर रक्तात दिसायला वेळ लागतो. म्हणून तीन महिन्यांनी परत करायची. पुरळ होतं तेव्हाच आला असतात तर त्या फोडांतलंच पाणी तपासता आलं असतं.

पिंकीनं एकच विचारलं. "पोरीला पाजू का?"

"छातीवर फोड नसेल तर पहिल्या दिवसापासून पाजता आलं असतं," बाई म्हणाल्या. "कुणी बंद करायला सांगितलं?"

पिंकीनं दोन्ही कागद माझ्यात भरले. कुणीच सांगितलं नव्हतं.

घरी येऊन तिनं छकुलीला पदराखाली घेतलं. पोरीनं दोनदा तोंड लावलं आणि मान फिरवून बाटलीसाठी रडायला लागली. पंधरा दिवस पिंकी हटली नाही. केसरबाईनं अळीव रांधले, शतावरी दिली. गेलेलं दूध आलं नाही.

तीन महिन्यांनी तिसरा कागद आला, निगेटिव्ह. सोमनाथ म्हणाला, "सुटलो बघ." पिंकी बाटली उकळत होती. तिनं मान हलवली.

आता छकुली आठ महिन्यांची आहे, रांगते. माझा एक बंद तुटलाय, बुडाची शिवण उसवत चाललीय. पोरीला साधं पडसं झालं तरी पिंकी मला खुंटीवरून काढते आणि तो पहिलाच कागद वाचत बसते. माझं फार दिवस राहिलेलं नाही, म्हणून सांगते. पिंके, तो कागद चुलीत घाल. आणि कागद देणाऱ्या माणसांनो, नुसता ठळक शब्द बाईच्या हातात देऊन पाठवू नका. तिला समोर बसवून त्याचा अर्थ सांगा.

काल दुपारी बाटली संपल्यावर छकुली मांडीवर झोपली. झोपेत तिचे ओठ चोखल्यासारखे हलत होते. पिंकीनं इकडंतिकडं बघितलं, पदर सरकवला आणि तिला छातीशी घेतलं. दूध नव्हतंच. पोर तशीच चोखत झोपून राहिली, आणि पायाला मुंग्या आल्या तरी पिंकी हलली नाही.