भेदरांचा जांभळा दिवा

मी भेदरांचा दिवा बोलतोय. भेदरं म्हणजे टमाटेच, पण आलापल्लीत प्रेमिलाबाईसमोर तसं म्हणायची सोय नाही. तिच्या हिशेबी टमाटे ते, जे टेम्पोतून येतात. भेदरं ती, जी कुंपणावर चढतात, बोराएवढी असतात आणि ज्यांच्या चटणीबरोबर भाताचे दोन घास जास्त जातात.

माझा जन्म चंद्रपूरच्या गोल बाजारात, विजेच्या सामानाच्या एका दुकानात झाला. मालक खुशालभाऊ, प्रेमिलाबाईचा धाकटा भाऊ. शाळा सातवीत सुटली, पण बल्ब गुंडाळायला जी रद्दी यायची, ती वाचल्याशिवाय हा माणूस कागद फाडत नसे. "गिऱ्हाईक थांबते, कागद गेला का गेला," म्हणायचा. आणि गिऱ्हाइकं थांबायचीही, कारण बल्बासोबत एक किस्सा फुकट मिळायचा. मला बोलायची खोड लागली ती तिथलीच.

अशाच रद्दीत एकदा हिंदी शेती-मासिकाचं एक पान निघालं. झाडाचं पान उजेडातला लाल आणि निळा रंग जास्त खातं, हिरवा बराचसा परत टाकतं, म्हणून आपल्याला ते हिरवं दिसतं, असं त्यात होतं. परदेशात म्हणे बारक्या एलईडी दिव्यांखाली बंद खोलीत भाजी पिकते. खुशालभाऊनं ते पान घडी करून खिशात ठेवलं. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ते ठरलं २००७ च्या पावसाळ्यात. प्रेमिलाबाई भेदराचं बी राखेत घोळून तुंब्यात, म्हणजे वाळक्या पोकळ भोपळ्यात, भरायची आणि तो तुंबा छपराच्या कवेलूखाली टांगायची. त्या साली कवेलू सरकला आणि तुंब्यात पाणी गेलं. बी कुजलं. गावात ते बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. सगळे टेम्पोवाल्या टमाट्यांवर गेले होते. वेचून वेचून चांगलं वाटलं तेवढं तिनं मागच्या खोलीत मातीच्या कुंड्यांत पेरलं. एकोणीस रोपं उगवली. आणि मग अशी झड लागली, की पंधरा दिवस सूर्याचा पत्ता नाही. रोपं पिवळी पडली, सुतासारखी लांब होऊन खिडकीकडे वाकली.

"खुशाल, माहे भेदरं मान टाकून राह्यले," फोनवर ती एवढंच म्हणाली. "हे गेले का वाणच गेलं."

खुशालभाऊनं खिशातलं पान काढलं. एका कापड दुकानाचा सरकत्या अक्षरांचा बोर्ड दुरुस्तीला येऊन पडला होता, त्यातले लाल दिवे घेतले. गणपतीच्या मखराच्या माळांतले निळे घेतले. काल जे 'सेल' लिहीत होते आणि जे देवापुढे नाचत होते, ते सगळे एका पत्र्यावर दाटीनं बसले, आणि मी झालो.

एसटीत मी शालीत गुंडाळून त्याच्या मांडीवर होतो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हो त्यात?"

"ऊन हाय. बहिणीकडे पोचवून राह्यलो."

"मंग त्याचं हाफ तिकीट काढा."

खोलीत मला रोपांच्या वीतभर वर टांगलं आणि बटण दाबलं. भिंती, हंडे, माणसांचे चेहरे, सगळं जांभळं झालं. दारात जमलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. शेजारचा मंगरू तेवढा बोलला, "बाई, घरात ऑर्केस्ट्रा बसवला का?" पण डोक्यावरची टोपी त्यानंही काढली होती.

चौथ्या दिवशी वाकलेले देठ सरळ झाले आणि खिडकी सोडून माझ्याकडे पाहू लागले. सेलची अक्षरं लिहिणारे दिवे आम्ही. आणि आमच्याकडे तोंड करून कुणीतरी जेवत होतं. माझा विश्वास बसेना.

प्रेमिलाबाईनं मला समईच्या पंगतीला बसवलं. लावलेला दिवा विझवायचा नाही, ही तिची रीत. भारनियमनात वीज जायची, तेव्हा मंगरू कुरकुरत ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायचा. दहा दिवस, दहा रात्री मी अखंड जळलो. आणि अकराव्या दिवशी सकाळी तिनं नीट निरखून पाहिलं, तर पानं आक्रसलेली, आणि काळी.

"जळले," ती म्हणाली. एक रोप तिनं रागानं मुळासकट उपटलं, दाराशी नेलं, आणि तिथंच उभी राहिली. बाहेरच्या उजेडात तिच्या तळहातावर ते रोप हिरवं होतं; माझ्याकडे तिची पाठ होती, म्हणून मला हे नंतर कळलं.

मंगरूच्या मोबाईलवरून तिनं खुशालभाऊला फोन लावला. त्या मोबाईलचा आवाज असा, की अख्ख्या आळीला ऐकू जावा. म्हणून मलाही ऐकू आलं.

"काळे नाई ते, बाई. या उजेडात हिरवं काळंच दिसते. सांगाचं राह्यलं माह्याकडून."

"पण पिवळे डाग पडले. पान वळून राह्यलं."

"दिवा किती वेळ ठेवते तू?" खुशालभाऊनं विचारलं.

"ठेवते म्हणजे? लावला तवापासून लागूनच हाय. लावलेला दिवा कोणी विझवते का?"

"बाई, तू मले रातभर जेवाले वाढलं तर मी तरी जगन का? झोपू दे त्यायले."

"माही बॅटरी बी झोपन मंग," मंगरू म्हणाला.

ती आत आली. माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "विझवत नाई बाबा तुले. शांत हो जरासा." आणि बटण दाबलं.

दार उघडंच होतं. बाहेरचा राखाडी, भिजका उजेड आत आला, आणि मला ते दिसलं. हिरवं. माझ्यापाशी हिरवा नव्हताच, म्हणून माझ्या उजेडात ते काळं होतं. माझं लाल आणि निळं खाऊन ही अठरा रोपं इतके दिवस जो रंग रांधत बसली होती, तो मला पहिल्यांदा दिसला, आणि तोही मी शांत झाल्यावर.

उपटलेलं रोप परत लावलं, पण लागलं नाही. ते तिनं उकिरड्यावर टाकलं नाही. कुंपणाच्या बुडाशी पुरलं. बाकीची रोपं झड सरल्यावर बाहेर गेली आणि दिवाळीनंतर त्याच कुंपणावर चढली. ते बी आज सात घरच्या तुंब्यांत आहे. एक तुंबा मंगरूचा.

याला आता दोन वर्षं झाली. माझ्या निळ्यांतले बरेच गेले, लालांच्या दोन ओळी मिणमिणतात. यंदाही झड लागली तेव्हा बाईनं मला टांगलंच. दिवसभर लावते, दिवेलागणीला "शांत हो" म्हणते. समईच्या वेळेला निजणारा दिवा आलापल्लीत मी एकटाच असेन.

कधी आलात, तर माझा जांभळा उजेड बघून कौतुक करू नका. एवढंच करा: भर दिवसा मला घडीभर शांत करा, आणि मग दार उघडा.