परतीचं वळण

स्ट्रोफी म्हणजे वळण. वेदीभोवती उजवीकडे गात जायचं. मग ॲंटीस्ट्रोफी, म्हणजे परतीचं वळण: तीच चाल, तितकीच पावलं, पण डावीकडे. शेवटी एपोड, ते जागेवर उभं राहून. एकीचं पाऊल चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या आर्गोसमध्ये अपोलो देव अर्धंमुर्धं घेत नाही.

माझी मेलितो तापानं फणफणली होती. नऊ वर्षांची. गावात ताप पसरला म्हणूनच तर हे गाणं होतं. घर देवळामागच्याच गल्लीत. तिला शेजारच्या थेआनोवर सोपवून मी आले.

पहिलं वळण संपत आलं, तर देवळाच्या दारात थेआनो. हातानं बोलावत होती, चल म्हणून. वळण अर्धवट टाकून निघाले आणि देव माझ्या पोरीवरच कोपला तर? मी गात राहिले. डोळे दाराकडे, आणि दार उजवीकडे. परतीच्या वेळी सगळ्या डावीकडे वळल्या, मी उजवीकडेच गेले आणि पुढचीच्या अंगावर आदळले.

"डोळे फुटले का गं?" आमची म्होरकी तिमांद्रा ओरडली. "चला बायांनो, पहिल्यापासून!"

मेल्या पायांनो! स्वतःला शिव्या घालत मी पुन्हा सुरुवात केली. थेआनो निघून गेली होती. परतीच्या वळणावर ती पुन्हा दिसली. आता बोलावत नव्हती. उंबऱ्यावर बसली होती, केस मोकळे सोडून, मयताच्या घरी बसतात तशी.

नुसते ओठ हलवत मी पावलं मोजली. मग एपोड. तोंड वेदीकडे, पाठ दाराकडे. चालताना भीती निदान पायांत तरी होती, आता ती छातीवर येऊन बसली. मागे वळून पाहायचं नव्हतं. हे गाणं संपूच नये असं वाटलं, देवाशपथ.

संपलं. मी थेआनोसमोर जाऊन उभी राहिले.

"शुद्धीवर आली होती गं," ती म्हणाली. "खिडकीतून गाणं ऐकत होती. तुम्ही मध्येच थांबलात, पुन्हा सुरू केलंत, तेव्हा हसली. म्हणाली, 'कोणीतरी चुकलं. आता आईला यायला उशीर होणार.'"

"मग?"

"मग वाट बघत होती."