शंभरावा सदस्य

डहाणूच्या अभियंता मित्र परिषदेत जमना धोदडे आली तेव्हा तिला धरून एकसष्ट सदस्य होते, त्यातले निम्मे निवृत्त. महिन्याला एक व्याख्यान व्हायचं, मग चहा-ढोकळा, आणि अध्यक्ष एकनाथ चुरी सर दर वेळी सांगायचे, "शंभर झाले की आपल्याला स्वतंत्र केंद्राचा दर्जा मिळेल." शंभर काही होत नव्हते. तलासरीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

जमना तलासरीतल्या झरीची. आश्रमशाळेत शिकून सिव्हिल इंजिनियर झालेली, रस्त्यांच्या एका कंपनीत नोकरीला. दीड वर्षात तिनं स्कूटरवरून उधवा, झरी, गंजाड पालथं घातलं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी डिप्लोमा केला होता अशी पोरं तिनं शोधून काढली. "साहेब लोकांत बसायला मिळतं," ती सांगायची. "ओळखी होतात. ओळखीनंच कामं मिळतात." अडतीस जण आले. केंद्राच्या दर्जासाठी मुख्य कार्यालयाला यादी पाठवायची मुदत एकतीस मार्चला संपत होती, आणि तीस तारखेला आकडा नव्याण्णववर अडला.

त्या दिवशी ती चैत्या करबटकडे गेली. चैत्या तिच्याच पाड्यावरचा, दोन वर्षांनी मोठा. दहावीचं गणित तिला त्यानं शिकवलेलं. आता तो एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. खांब ओळंब्यात आहे की नाही हे लांबून बघून सांगायचा आणि बहुतेक बरोबर सांगायचा.

"जमने, माझा शेवटचा विषय राहिलाय. तुला माहितेय," तो म्हणाला.

"फॉर्मवर डिप्लोमा लिही. हिवाळ्याच्या परीक्षेत विषय काढ, झालं."

"कुणी विचारलं तर?"

"शिफारस माझी आहे. मी बसलेय ना तिथे."

त्यानं लिहिलं. शंभरावा सदस्य म्हणून चुरी सरांनी त्याला शाल घातली, खिशावर परिषदेचा बिल्ला लावला. पेपरात फोटो आला. त्याची आई बुधी तो फोटो पाड्यावर घरोघर दाखवत फिरली.

जूनमध्ये केंद्राला मंजुरी आली आणि ऑगस्टमध्ये निवडणूक ठरली. कार्यकारिणीच्या बैठकीत सचिव देवेश सावेंनी यादी पुढे सरकवली. "सर, जवळजवळ चाळीस जण तलासरीकडचे आहेत. उद्या त्यांनी एकत्र हात वर केले तर अध्यक्ष कोण होईल?"

सगळ्यांनी जमनाकडे बघितलं.

चुरी सरांनी तोडगा काढला. नव्या सदस्यांची पडताळणी करायची. मुलाखतीत जे कमी पडतील ते 'स्नेही सदस्य'. त्यांनी कार्यक्रमांना यावं, चहा घ्यावा, पण त्यांना मत नाही. "संख्या जाते का? नाही. दर्जाही राहतो," ते म्हणाले. मग आवाज मऊ करून जमनाला म्हणाले, "तुम्ही समितीवर बसा. आपल्या माणसानं विचारलं की कुणाला टोचत नाही. देवेशची मुदतही संपतेय. पुढचा सचिव लागेलच."

जमना हो म्हणाली. सोपे प्रश्न आपणच विचारू, असं तिनं मनाशी ठरवलं.

मुलाखती रविवारी सकाळी सभागृहात झाल्या, जुन्या सदस्यांसमोर. चैत्या पहिलाच. इस्त्रीचा शर्ट, खिशावर बिल्ला. देवेश सरांनी इंग्रजीतून इमारतीच्या पायाच्या खोलीबद्दल विचारलं. चैत्यानं मराठीत उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं.

"इंग्लिश प्लीज."

चैत्या दोन शब्द बोलला आणि अडकला. मागच्या रांगेत कुणीतरी त्याच्या उच्चाराची नक्कल केली. हसू पसरलं. चुरी सर हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला थांबवलंही नाही.

देवेश सर फॉर्म चाळू लागले. "याची मार्कशीट जोडलेली नाही. शिफारस कुणाची आहे बघू." त्यांनी पान उलटायला घेतलं.

मागच्या बाजूला जमनाची सही होती. ते पान उलटायच्या आत ती बोलली.

"करबट, तुमचा शेवटच्या वर्षाचा निकाल काय लागला?"

चैत्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं त्याला कधी आडनावानं हाक मारली नव्हती.

"एक विषय राहिलाय," तो म्हणाला.

"मग डिप्लोमा कसा लिहिलात?" चुरी सर म्हणाले. "शिफारस करणाऱ्यांना माहीत होतं?"

"नाय. मी त्यांनापण खोटंच सांगितलं."

"जमनाबाई, भोळ्या आहात तुम्ही," चुरी सर म्हणाले. "त्यांचा बिल्ला काढून घ्या."

ती उठली. बिल्ल्याची पिन कापडात अडकली होती. तिला नीट काढता यावं म्हणून चैत्या थोडा वाकला. खिसा जरासा फाटला. तो मागच्या दारानं निघून गेला आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

एकतीस जण स्नेही सदस्य झाले. त्यातले बरेच नंतर फिरकले नाहीत. चैत्याचं नाव मात्र यादीतून कुणी काढलं नाही. काढलं असतं तर पुन्हा नव्याण्णव झाले असते.

देवेश सर बांधकाम खात्यात होते आणि चैत्याच्या ठेकेदाराची बिलं त्यांच्याच टेबलावरून जात. त्यांनी फक्त एक फोन केला. आठवड्याभरात चैत्याची नोकरी गेली. तो राज्याच्या सीमेपलीकडच्या एका कारखान्यात पोती उचलायला जाऊ लागला.

सप्टेंबरात अभियंता दिनाला सदस्यवाढीसाठी डहाणू केंद्राचा गौरव झाला. स्मृतिचिन्ह नव्या सचिवांनी, म्हणजे जमनानं स्वीकारलं. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या आणि तिला बरंही वाटलं.

दिवाळीत ती झरीला गेली तेव्हा बुधीनं तिला वाटेतच धरून घरी नेलं. नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढ्यात ठेवलं. चैत्यानं आईला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"पोरी, तुझं त्या साहेब लोकांत चालतं," बुधी म्हणाली. "माझ्या चैत्याला परत कामावर घ्यायला सांग ना. मी त्याला म्हणते, जमनाला सांग, तर तोंड फिरवतो. लाजतो तुला."

"बघते काकी," जमना म्हणाली आणि जेवत राहिली.

तेवढ्यात चैत्या पाळीवरून आला. तिला पानावर बसलेली बघून दारातच थांबला. केसांत पोत्यांची पांढरी भुकटी होती.

"सांग की तिला तुझ्या तोंडानं," बुधी म्हणाली.

"जेवू दे तिला, आई." तो पाय धुवायला मागे गेला आणि ती निघेपर्यंत आत आला नाही.

बुधीनं तिच्या डिकीत घरच्या वालाच्या शेंगा भरून दिल्या. जमनानं त्या डहाणूला नेऊन चुरी सरांच्या घरी पोचवल्या. चैत्याचा विषय तिनं काढला नाही. पुढच्या वर्षासाठी दोनशेचं लक्ष्य ठरलं होतं. नंतरच्या रविवारी गंजाडला कविता नावाच्या एका मुलीला भेटायचं होतं, नुकताच डिप्लोमा केलेली. जमना कोरे फॉर्म घेऊन सकाळीच निघाली.